प्रारंभपुस्तकाचा कैवार

संपादक महाशय,


बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकास आरंभीच्या चालींचे पुस्तक पुरविल्याने त्याच्या खेळात काडीचीही भर पडत नाही, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन दाखल्यांच्या कसोटीस उतरत नाही. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे जगज्जेता कास्पारॉव्ह याच्याविरुद्धच्या सहाव्या व निर्णायक डावात, कारो-कान बचावापुढे, ‘डीप ब्लू’ या संगणकाने आठव्या चालीस घोड्याचे जे बलिदान केले, ते त्याच्या गणनेतून नव्हे, तर ग्रँडमास्टरांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या पुस्तकातून आले, मोहरा देऊन दूरवरच्या दडपणावर भिस्त ठेवणे तत्कालीन यंत्रांना स्वबुद्धीने क्वचितच सुचे, आणि अवघ्या १९ चालींत जगज्जेत्यास हार पत्करावी लागली.

पुढे काळ पालटला, हे मान्यच केले पाहिजे. २०१७ साली केवळ स्वतःशी खेळून तयार झालेल्या ‘अल्फाझीरो’ या संगणक-प्रणालीने पुस्तकाविना खेळणाऱ्या ‘स्टॉकफिश’ या दुसऱ्या प्रणालीविरुद्ध १०० डावांत २८ विजय मिळविले व एकही डाव गमावला नाही, त्यावर रास्त तक्रार झाली, म्हणून नंतरच्या सामन्यांत प्रतिपक्षास पुस्तकही देण्यात आले, तथापि निकाल फिरला नाही. आज तर यंत्रांच्या मोठ्या स्पर्धांत प्रारंभीच्या चाली आयोजकच मुक्रर करतात आणि दोन्ही पक्षांना आलटूनपालटून त्याच खेळावयास लावतात, कारण एरवी बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात.

परंतु मोजक्या वेळेच्या डावात, सामान्य कुवतीच्या यंत्रास, पुस्तकाने वाचविलेली मिनिटे मध्यडावातील बिकट स्थितीच्या विचारार्थ खर्ची घालता येतात. गतांकातील त्या पत्रात या मुद्द्याचा उल्लेखही नाही.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक