बांबूवर टांगलेली चोपडी

सन १८५५ च्या नोव्हेंबरात जपानच्या एदो नगरीस, म्हणजे आजच्या टोकियोस, भूकंपाचा भीषण तडाखा बसला. घरे कोसळली, पाठोपाठ आगी लागल्या आणि हजारो माणसे दगावली. पुढच्याच वर्षी साठीच्या उंबरठ्यावरील चित्रकार हिरोशिगे याने ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही चित्रमाला हाती घेतली. १८५८ साली मृत्यू येईपर्यंत तो तिच्यात रमला होता.

ही चित्रे लाकडी ठशांची. चित्रकाराने रेखाटन करावे, कारागिराने ते चेरीच्या फळीवर कोरावे, छापणाऱ्याने एकेका रंगासाठी निराळा ठसा वापरावा आणि या साऱ्यास भांडवल पुरवावे प्रकाशकाने, अशी रीत होती. तयार चित्रे दुकानांतून विकली जात आणि सामान्य नगरजन ती हौसेने घरी नेत. पुढे या मालेची अनुक्रमणिका चार ऋतूंनुसार लावण्यात आली.

त्यातील शरद ऋतूचे एक चित्र पाहा. ‘तानाबाता’चा सण आहे. आकाशगंगेच्या दोन तीरांवर दुरावलेले दोन तारे, एक विणकर कन्या आणि एक गुराखी, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री वर्षातून एकदाच भेटतात, अशी ही कथा. त्या दिवशी रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूला बांधतात. जपानात तेव्हा चांद्र तिथी पाळल्या जात, म्हणून हा सण शरदात येई. १८७३ साली पाश्चात्त्य दिनदर्शिका आली आणि अनेक गावांनी तो ७ जुलैला नेला.

हिरोशिगेच्या चित्रात व्यापारी वस्तीच्या छपरांवर उंच बांबू डोलत आहेत. दूर किल्ला आणि फुजी पर्वत. बांबूंवर कागदी पट्ट्या आहेत, दारूचा प्याला आणि भोपळा आहे. आणि त्यांच्याच जोडीला टांगली आहेत हिशेबाची चोपडी व मणी सरकवून आकडेमोड करण्याची चौकट. चित्राच्या नावातच नगराच्या भरभराटीचा उल्लेख आहे. ज्यांच्या घरी दिवाळीला वहीपूजन होते, त्यांना त्या चोपडीचा अर्थ सांगावा लागणार नाही. नगर ढासळल्याला दोनच वर्षे झाली होती. त्या व्यापाऱ्यांनी आभाळाकडे मागितले ते एवढेच, की खाते पुन्हा चालू राहो.

आता हिवाळ्याचे चित्र. अकराव्या महिन्यात कोंबड्याच्या दिवशी असाकुसा भागात जत्रा भरे. व्यापारी तेथून बांबूचे सजविलेले दंताळे घेत. दंताळ्याने पाला गोळा करावा तशी लक्ष्मी ओढून घरी आणावी, ही त्यामागील भावना. आजही टोकियोत ही जत्रा भरते आणि धंदा वाढला की दरवर्षी मोठे दंताळे घेण्याची प्रथा आहे.

हिरोशिगेने मात्र जत्रा दाखविली ती फार दुरून. खिडकीत एक पांढरे मांजर पाठमोरे बसले आहे. बाहेर शेते, फुजी, सांजेचे आकाश आणि दंताळी मिरवीत निघालेली इवलीशी माणसे. खोली आहे योशिवाराची, गणिकांच्या वस्तीची. जमिनीवर दंताळ्याच्या आकाराच्या केसांच्या पिना पडल्या आहेत. कुणा गिऱ्हाइकाने जत्रेतून आणल्या असाव्यात. जिच्यासाठी आणल्या ती स्त्री चित्रात दिसत नाही. या स्त्रिया आगाऊ उचललेल्या रकमेच्या करारांनी बांधलेल्या असत आणि त्यांना मनास येईल तेव्हा बाहेर पडण्याची मुभा नव्हती. जत्रा दोनशे पावलांवर असो वा दोन कोसांवर, त्यांच्या वाट्याला खिडकीच होती.

वाचकहो, ही दोन्ही चित्रे एकाच हाताची आणि एकाच वर्षाची, १८५७ ची. पहिल्यात चोपडी सणाचे भूषण आहे. दुसऱ्यातील त्या न दिसणाऱ्या स्त्रीचे नावही कुठल्या तरी चोपडीतच होते, येणे रकमेसमोर. हिरोशिगेने यावर भाष्य केले नाही. फक्त दोन्ही सण काढून ठेवले. नव्या वर्षाची वही उघडताना आपण जमेकडे प्रथम पाहतो. त्याच वेळी येण्याच्या पानावरची नावेही एकदा सावकाश वाचावीत. कुणाचा सण त्या पानाआड अडकून पडला आहे, हे तेथेच कळेल.