कळव्याची बातमी कोण लिहिणार?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळवा सगळ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. ठाणे महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले आणि दोन-चार दिवस कॅमेरे खाडी ओलांडून आमच्या बाजूला आले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी मेले तेव्हा ते पुन्हा दिसले. मधल्या काळात कळव्यात काहीच घडले नाही काय? कारशेडमधून बाहेर पडणारी लोकल पकडण्यासाठी रुळांत उतरणारा कामगार रोज सकाळी जीव मुठीत धरतो. मफतलाल कंपनी बंद पडली, आणि तिथल्या कामगारांच्या कायदेशीर देण्यांचे प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. ही बातमी होत नाही. प्रस्थापित वृत्तपत्रांना आमची वस्ती दिसते ती प्रेते मोजण्याच्या वेळी!

ठाण्याला वृत्तपत्रांची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. 'अरुणोदय' ठाण्यात १८६६ साली निघाले. नरेंद्र बल्लाळ यांनी १९७५ मध्ये 'ठाणे वैभव' सुरू केले आणि मुंबईच्या दैनिकांत कोपऱ्यात पडणाऱ्या ठाण्याला स्वतःचे रोजचे पत्र मिळाले. पाणी, रस्ते, महापालिका यांवर शहराचे पत्र लिहिते, हे काम लहान नाही. पण शहर म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. नौपाड्यातल्या वाचकाचे शहर आणि कळव्यात रेल्वेच्या भिंतीला टेकून राहणाऱ्याचे शहर एकच आहे काय?

याच ठाण्यात १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. ठाण्याच्या वृत्तपत्रांचा इतिहास सांगणारे बहुतेक वेळा त्यांचे नाव घेत नाहीत, कारण त्यांचे पत्र ठाण्याचे नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले 'दीनबंधु' लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून चालवले आणि ते सत्यशोधकांचे व गिरणी कामगारांचे मुखपत्र झाले. आज प्रत्येकजण उपभोगतो ती रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना मिळाली, ती लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्या लढ्यात 'दीनबंधु'चा वाटा मोठा आहे. ज्याच्याकडे पत्र नाही त्याची मागणी मालकापर्यंत पोहोचतच नाही, हे ठाण्याच्या या सुपुत्राने ओळखले होते.

बाबासाहेबांनी तर ते भोगलेच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला. पुढे 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत होते आणि वर्गणी थकत होती. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाचा अग्रलेख त्यांना १९२८ मध्ये लिहावा लागला. शीर्षकातच सगळी व्यथा आहे. आपल्या समाजाला आपले पत्र प्रिय असते, वर्गणी मात्र उद्या देऊ!

या शतकाच्या पहिल्या दशकात 'सम्राट', 'महानायक' यांसारखी दैनिके उभी राहिली तेव्हाचे दिवस आठवा. स्टेशनाबाहेरच्या स्टॉलवर घेतलेला एक अंक विहारात यायचा, तिथून चहाच्या टपरीवर, तिथून कोणाच्या तरी घरी. पुण्यानुमोदनाची सूचना, धम्मपरिषदेचा वृत्तांत, जयंती मंडळाची कार्यकारिणी, दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो, हे सगळे त्यात असे. (नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा जरा जास्तच असत, हे आपले आपल्यात मान्य करू.) शिकलेला माणूस मोठ्याने वाचायचा आणि न शिकलेल्या आया-बाया ऐकायच्या.

याची खरी किंमत कळली ती २००६ मध्ये. २९ सप्टेंबरला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांचा मजकूर पेरला गेला. मोठ्या दैनिकांना या हत्याकांडाचे जातीय स्वरूप दिसायला जवळपास महिना लागला. तोवर आंबेडकरी पत्रे आणि कार्यकर्ते गावोगाव ही बातमी पोहोचवत होते. मग कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले आणि दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांना दलितांचा संताप एकदम दिसू लागला. जाळपोळीचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. पण चार माणसांच्या हत्येला जो रकाना मिळाला नाही तो रेल्वेच्या डब्यांना तात्काळ मिळाला, याचा जाब कोणी दिला?

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. बातमी मिनिटात व्हॉट्सअॅपवर येते, म्हणून पत्र विकत घेण्याची गरज काय, असे आमचे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. अन्यायाची बातमी आता महिनाभर दडवता येत नाही, हा फायदा कोण नाकारेल? परंतु मोबाईलमधली बातमी पुढच्या आठवड्यात सापडत नाही. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने कळवा-मुंब्रा पट्ट्यात रुळांलगतच्या घरांना जागा खाली करण्याच्या नोटिसा दिल्या, तेव्हा जो तो जुनी कागदपत्रे शोधत होता. वृत्तपत्राचे कात्रण म्हणजे शिधापत्रिका नव्हे, त्यावर घर वाचत नाही. पण या वस्तीत माणसे होती, त्यांनी विहार बांधले, मोर्चे काढले, हे पन्नास वर्षांनी सांगायला दुसरा कुठला कागद असणार आहे? महापालिकेच्या दप्तरात आम्ही फक्त अतिक्रमण आहोत.

'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचू शकतो, कारण कोणीतरी ते अंक जपले आणि वसंत मून यांच्यासारख्या माणसाने खपून १९९० मध्ये राज्य शासनाकडून त्यांचा ग्रंथ काढून घेतला. पुढे शासनाचे हेच प्रकाशनाचे काम इतके रखडले की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा शासन आपल्या पत्रांच्या फायली जपेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आमच्या विहारात २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक शोधले. नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याने किलोवर नेले, असे एका आजीने सांगितले. माझ्या घरी माळ्यावर त्यातले अकरा अंक निघाले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पुढच्या पौर्णिमेला ते विहाराच्या कपाटात ठेवायचे आहेत. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी शोधावे लागेल.