वाचलेले पाणी कोणाच्या नावावर?

सोलापूरला प्यायला म्हणून उजनीतून भीमेत सोडायच्या पाण्याचा हिशेब जलसंपदेत काम करणाऱ्यांना तोंडपाठ आहे. धरण ते औज बंधारा ही नदीची वाट दोनशे किलोमीटरहून लांब. एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडायचे, वाटेतल्या बंधाऱ्यांचे बर्गे काढायला लावायचे, काठच्या शेतीपंपांची वीज तोडायची आणि शिव्याही खायच्या. एवढे करून शहराच्या पदरात पडते ते थोडेच. बाकीचे मुरते, उडते, उपसले जाते. त्याला आपण अपव्यय म्हणत आलो.

उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीमुळे हे चित्र बदलते. तिची क्षमता दिवसाला 170 दशलक्ष लिटर, म्हणजे वर्षाकाठी सव्वादोन टीएमसीच्या आत. अभियंता म्हणून कोणालाही बरे वाटावे असाच हा हिशेब आहे. मात्र वाचलेले पाणी सोलापूर जिल्ह्यात कुठे जाते, हे सांगायला ज्योतिषी नको. ते उसाला जाते.

इतकी वर्षे पंढरपूर-मंगळवेढ्यापासून खालच्या काठच्या विहिरींना उन्हाळ्यात पाझर लागत होता आणि डोहांत मासे तग धरत होते, ते याच ‘अपव्यया’वर. कोळी-भोयांची जाळी आणि काठावरच्या गुराढोरांचे पाणी कोणत्याही मंजुरीत लिहिलेले नव्हते. शहराच्या तहानेच्या आडोशाने ते निभावत होते. तो आडोसा आता जातो आहे.

गंगेच्या किमान प्रवाहासाठी केंद्राने 2018 मध्ये अधिसूचना काढली. भीमेच्या वाट्याला तसे काही आलेले नाही. राष्ट्रीय जलनीती (2012) नदीच्या पर्यावरणीय गरजेसाठी प्रवाहाचा काही भाग राखायला सांगते. नद्या ही जनतेची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात 1996 मध्येच बजावले. तरी आपल्या पाणीवाटपात पिणे, सिंचन आणि उद्योग यांच्यापुढे चौथा रकाना उमटत नाही. 2021 मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याच्या आदेशावरून सोलापूर जिल्हा पेटला, आदेश रद्द झाला. वाद होता पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यावर हक्क कोणाचा, हा. ते शुद्ध करून नदीत सोडण्याची जबाबदारी कोणाची, यावर मात्र दोन्ही बाजू गप्प. त्याच पाण्यात जाळे टाकणाऱ्याला तर कोणी विचारलेच नाही.

कालवा सल्लागार समितीची पुढची टिपणी आपल्यापैकीच कोणीतरी तयार करणार आहे. तिच्यात भीमेच्या उन्हाळी प्रवाहासाठी वेगळा आकडा धरा. वाचलेल्या पाण्यातला काही भाग तरी त्या नावावर राखा, आणि बैठकीला काठच्या मच्छीमार संस्थांनाही बोलवा. आकडा किती असावा, यावर मतभेद होणारच. तुमचे गणित लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.