व्यवसाय : काही नाही

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाला नुकसानभरपाई मागायची असेल तर अर्जात नाव, पत्ता, वय यांच्या पाठोपाठ दोन गोष्टी विचारतात. व्यवसाय काय, आणि महिन्याचं उत्पन्न किती. जखमी पुरुष असला की घरातलं कुणीही पटकन सांगतं. बाई असली आणि ती नोकरीला जाणारी नसली, की चांगली शहाणीसुरती माणसंसुद्धा क्षणभर अडखळतात आणि म्हणतात, "काही नाही. घरीच असते."

हे उत्तर आपल्या कोर्टांनी कधीच सोडून दिलंय. घरांनी अजून सोडलेलं नाही. आणि मला राग येतो तो याचाच, कारण कायदा द्यायला तयार असलेलं आपणच आपल्या हातानं नाकारतो.

आधीच सांगते, मी वकील नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि जन्मभर मुलांना मराठी नि नागरिकशास्त्र शिकवलं. गेले चार महिने मात्र एका वकीलबाईंच्या ऑफिसात इतक्या चकरा झाल्यात की तिथला चहावाला मला ओळखायला लागलाय :)

निमित्त घरचंच आहे. माझी धाकटी भावजय, वय ५७. मंडईतून भाजी घेऊन येताना गल्लीत एका गाडीनं मागे न बघता रिव्हर्स घेतला आणि ती पडली. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट घालावी लागली. गाडीवाला गावातलाच, ओळखीचा, तसा भला माणूस. त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. पण वाटेत म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांना घरात पाय घसरून पडले म्हणून सांगा, उगाच पोलिसांची भानगड नको." भावजय काही बोलली नाही. डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र स्वच्छ सांगितलं, "गाडीनं पाडलं." केसपेपरवर तसं लिहिलं गेलं, दवाखान्यातून पोलीस चौकीला कळवलं गेलं. तिचं हे एक वाक्य किती मोलाचं होतं ते आम्हाला पुढे कळलं. केसपेपरवर 'पाय घसरून' लिहिलं असतं तर विमा कंपनीच्या वकिलानं तोच कागद पुढे केला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीवाला पाकिटात दहा हजार रुपये आणि एक लिहून आणलेला कागद घेऊन आला. 'आमची काही तक्रार नाही.' माझ्या भावानं सही केली. जिचा हात मोडला तिला कुणी विचारलं नाही. अर्थात तिला सही करताही येत नव्हती म्हणा.

भावाचं म्हणणं, ओळखीतला माणूस आहे, त्याला कशाला अडकवायचं. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. यातला तिसरा कोण? पहिला गाडीमालक, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरा म्हणजे त्या गाडीमुळे ज्याला इजा झाली तो. गाडीमालक दरवर्षी हप्ता भरतो तो याच तिसऱ्यासाठी. विमा चालू असेल, चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल, तर भरपाई कंपनी देते, शेजाऱ्याच्या खिशातून जात नाही. म्हणजे ज्याची दया येऊन आपण गप्प बसतो त्याचं फार काही जाणारच नसतं, आणि ज्याच्यासाठी हप्ता भरलेला असतो तो आपल्याच घरात प्लास्टर घालून बसलेला असतो.

(जाता जाता एक. आपल्याच स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाला नुसता सक्तीचा विमा लागू होत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. नातवंडांच्या मागे बसून देवळात जाणाऱ्या समस्त आज्यांनी घरातली पॉलिसी एकदा काढून बघावी.)

आता त्या "काही नाही" कडे येते. भावजय आडवी झाल्यावर आमच्या घरात काय झालं ते आकड्यांत सांगते. आमची आई ९४ वर्षांची आहे आणि भावाकडे असते. तिला उठवणं, आंघोळ, औषधं, सगळं भावजयच करायची. आता दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या, महिना १२,००० रुपये. स्वयंपाकाच्या बाई ४,०००. धुणंभांडी २,५००. झाले साडेअठरा हजार, आणि तरी रात्री आईला उठवायला भाऊच उठतो. तीस वर्षं हे काम घरात चाललं होतं आणि त्याचा आकडा कुणालाच माहीत नव्हता. मी तिची नणंद. माझ्याच आईची सेवा होती ती, मीसुद्धा कधी मोजली नव्हती. मोजायची रीतच नाही आपल्याकडे.

कोर्टांचा प्रवासही एका दिवसात झालेला नाही. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात जे कोष्टक घातलं त्यात न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरा असं होतं. म्हणजे नवरा शिपाई तर तिची पोळी स्वस्त, नवरा मॅनेजर तर तीच पोळी महाग! २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. तो खटला गाडीचा नव्हता, १९८९ साली जमशेदपूरला समारंभात लागलेल्या आगीचा होता, पण पुढे मोटार अपघातांच्या दाव्यांत तो आधाराला घेतला गेला. त्याच निकालात ६२ ते ७२ वयाच्या बायकांसाठी वर्षाला २०,००० धरलेत. वर्षाला, बरं का, महिन्याला नव्हे. माझ्या वयाच्या बाईनं ते वाचताना जरा पाणी प्यावं.

२०१० सालच्या अरुणकुमार अग्रवाल खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती गांगुलींनी एक गोष्ट दाखवून दिली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना 'काम न करणारे' या गटात टाकलं होतं, आणि त्याच गटात भिकारी, वेश्या आणि कैदी होते. मी जनगणनेचं काम केलेलं आहे, शिक्षकांना ते चुकत नाही. घरोघर जाऊन "आई काय करतात?" विचारायचं आणि लिहायचं, इतकंच आमच्या हातात होतं. त्या रकान्यांची पुढे कुणाशी सोयरीक जुळवली जाते हे आम्हाला कुठं ठाऊक?

मग जानेवारी २०२१ चा कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स हा निकाल. त्यात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही.

हे बहुतेक निकाल मृत्यूचे आहेत. जखमी बाईचा प्रश्न मला त्याहून अवघड वाटतो, कारण ती समोर बसलेली असते आणि घरच्यांना ती बरी दिसते. डॉक्टर सर्टिफिकेट देतात की या हाताला इतके टक्के अपंगत्व. पण २०१० च्याच राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अवयवाचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, ड्रायव्हरची किंवा सुताराची टिकणार नाही. तोच न्याय घरात लावून बघा. उजव्या मनगटात जोर उरला नाही तर टीव्ही बघता येतो, फोनवर बोलता येतं, पाहुण्यांसमोर हसता येतं. कणीक मळता येत नाही. चादर पिळता येत नाही. कुकर उचलता येत नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या सासूला काखेत हात घालून उठवता येत नाही. मग सांगा, कमाई किती टक्के गेली?

हिशेब कसा चालतो तो वकीलबाईंनी मला कागदावर मांडून दाखवला. समजा गृहिणीचं उत्पन्न महिना ९,००० धरलं. वर्षाचे १,०८,०००. वयाप्रमाणे एक गुणक असतो, २००९ च्या सरला वर्मा निकालात ठरवून दिलेला. ५६ ते ६० वयाला ९. झाले ९,७२,०००. कामाची ताकद १० टक्के गेली असं न्यायाधीशांना वाटलं तर ९७,२००, आणि ३० टक्के गेली असं वाटलं तर २,९१,६००. उपचाराचा खर्च आणि सोसलेल्या दुखण्याबद्दलचे पैसे वेगळे. हा नुसता नमुना आहे, भावजयीचे आकडे काय लागतील ते लागतील. पण दहा आणि तीस यांत जे अंतर आहे ते तिनं घरात नेमकं काय काय केलं हे कोर्टाला पटवण्यावर आहे. आणि घरातलीच माणसं "काही नाही, घरीच असते" म्हणाली तर कोर्टानं तरी काय करायचं?

म्हणून आम्ही वही घातलीय. स्वयंपाकाच्या बाईंना आणि आईच्या मावशींना दर महिन्याला पैसे दिले की तारीख घालून सही घेतो. औषधांची बिलं, रिक्षाचे पैसे, फिजिओथेरपीच्या पावत्या, एक्स-रे, सगळं एका फाइलीत. केसपेपरची नक्कल सर्वांत वर. भाचा म्हणाला, "आत्या, तू पेपर तपासायला बसल्यासारखी दिसतेस." दिसू दे.

भावाचा दुसरा आक्षेप मात्र मी मनावर घेतला. तो म्हणतो, खोटे दावे करून पैसे उकळणारे लोक असतात, आपण त्यांच्यात का जायचं? असतात, हे खरं आहे. दुसऱ्याच गाडीचा नंबर घालणारे, जुनी जखम नवी म्हणून दाखवणारे. त्यांच्यापायी खऱ्या जखमीलाही दहा वेळा उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. पण चोर बँकेत जातात म्हणून आपण आपलं पेन्शन काढायचं थांबवतो का?

आणि मिटवायचंच असेल तर मिटवायला चांगली जागा आहे. लोक अदालतीत न्यायाधीशांसमोर, विमा कंपनीच्या माणसाबरोबर बसून आकडा ठरवता येतो. तिथे ठरलं की त्यावर अपील नाही, म्हणून विचार करून हो म्हणायचं. घरच्या दिवाणावर बसून, चहा पिऊन, पाकीट घेऊन केलेली सही ही तडजोड नव्हे. (तशा कागदानं दावा संपत नाही, असं वकीलबाईंचं मत पडलं. ते दहा हजार आम्ही कोर्टाला सांगणार आहोत, लपवणार नाही.) आणखी एक, जे फार कमी बायकांना माहीत असतं : १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चानं वकील मागता येतो, घरचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं.

उशीर मात्र करू नये. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण दुसऱ्याच्या आव्हानाच्या भरवशावर आपण का बसायचं? आमचे चार महिने गेले, दोन उरले.

शेवटचा वाद अजून घरात चालू आहे. पैसे आले तर गच्चीवरची खोली पुरी करू, असं भाऊ म्हणाला. हे लिहिलेलं तो वाचणार आहे, वाचावंच. अरे बाबा, हात तिचा, दावा तिचा, पैसाही तिचाच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ बघ. बाईच्या ताब्यातली मालमत्ता, ती कुठूनही आलेली असो, तिच्या पूर्ण मालकीची असते. भरपाईतला काही भाग जखमीच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवायला न्यायाधिकरण सांगतं ते उगीच नव्हे. तिनं खोलीला दिले तर तिची मर्जी, पण आधी तिला विचार तरी.

मी विचारलं. म्हणाली, "वन्सं, मला पहिल्यांदा वॉशिंग मशीन घ्यायचंय. डाव्या हातानं पिळायला नाही जमत."