साइट धुऊन बघितली का?

जानेवारी २००८. सोलापुरात गड्ड्याची हवा. होम मैदानावर पाळणे उभे राहत होते आणि अस्मादिक खिशातल्या शेंगा फोडत ते बघत उभे. तेवढ्यात मोबाइल वाजला. लांबलचक नंबर, पलीकडून काका. (सख्खे नव्हेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेले माझे पहिले एक्स्पोर्टवाले क्लायंट.) फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल नावाचं कापडवाल्यांचं जंगी प्रदर्शन भरतं, तिथं ते गेले होते. कॅटलॉगच्या पाठीवर मी बनवलेल्या साइटचा पत्ता ठळक अक्षरांत!

"काय बे, बायरच्या ऑफिसातून बोलायलोय. तुझी साइट उघडली. चौकशीचा फॉर्म कुठंय?"

"उजव्या बाजूला, काका. एकदम वर."

"उजवीकडं काय नाही. आणि लोगोमागं हा राखाडी डबा कसला?"

धावत घरी आलो, साइट उघडली. फायरफॉक्समध्ये झक्कास. एक्स्प्लोरर ७ मध्येही झक्कास. मग आमच्या जमातीचं ते अजरामर वाक्य टाकलं : "काका, माझ्याकडं तर बरोबर दिसतंय."

रोमिंगचं मीटर पळत असतानाही काका दोन सेकंद गप्प राहिले. "माझ्याकडं टॉवेलचा रंग पण बरोबरच दिसतो. तरी सॅम्पल धुऊन बघितल्याशिवाय आम्ही माल पाठवत नाही. तू साइट धुऊन बघितलीस का?"

नव्हती बघितली.

भानगड साधी होती. बायरच्या ऑफिसात होता इंटरनेट एक्स्प्लोरर ६, म्हणजे २००१ सालचा ब्राउझर. कंपन्यांचे आयटीवाले तो बदलायला तयार नसायचे. मी मात्र हौसेनं ७ टाकून बसलेलो. आणि मायक्रोसॉफ्टचा नियम असा, की एका विंडोजवर एकच एक्स्प्लोरर. नवा आला की जुना गेला. म्हणजे ज्या ब्राउझरमध्ये काकांची लाज जात होती, तो बघायलाच माझ्याकडे नव्हता!

दुसरा पीसी घ्यायला पैसे नव्हते. ड्युअल बूटचा फंडा मी आधी करून बसलो होतो. एकाच हार्ड डिस्कवर विंडोज आणि लिनक्स, चालू करताना कुठलं हवं ते निवडायचं. ऐकायला सॉलिड. पण एका वेळी एकच चालतं. सीएसएसमध्ये एक ओळ बदलायची, रीस्टार्ट, बघायचं, परत रीस्टार्ट... त्यात एकदा विंडोज नव्यानं टाकलं, तर त्यानं लिनक्सचा बूट मेनूच पुसून टाकला. पुढचे दोन दिवस मी घरात कोणाशी नीट बोलत नव्हतो.

उरला तिसरा मार्ग, व्हर्च्युअल मशीन. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, दुसरा आख्खा कॉम्प्युटर. त्याला वाटतं आपल्याला स्वतःची रॅम आहे, स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे तुमच्या मशीनवरची एक जाडजूड फाइल. बाहेरचा तो होस्ट, आतला तो गेस्ट. कल्पना काही आजची नाही, आयबीएमनं आपल्या अवाढव्य मशीनवर १९६० च्या दशकातच हे करून दाखवलं होतं. आणि आमच्यासारख्या अडलेल्यांची दया येऊन की काय, मायक्रोसॉफ्टनं २००६ च्या अखेरीस एक्स्प्लोरर ६ टाकलेलं तयार एक्सपी फुकट द्यायला सुरुवात केली होती. व्हर्च्युअल पीसी नावाच्या तितक्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते चालायचं. काही महिन्यांनी त्याची मुदत संपायची, मग नवं उतरवायचं.

आमच्या तेव्हाच्या ब्रॉडबँडवर ते उतरवणं म्हणजे रात्रभराचं काम. मध्ये लोडशेडिंग झालं ते वेगळंच. पहाटे कधीतरी एक जीबी रॅममधले २५६ एमबी त्या गेस्टला दिले, आतला एक्स्प्लोरर उघडला आणि काकांना दिसलं तेच मला दिसलं. लोगोची पारदर्शक पीएनजी राखाडी ठोकळा होऊन बसलेली. (एक्स्प्लोरर ६ ला ती पारदर्शकता कळतच नसे.) आणि डावीकडे तरंगत ठेवलेल्या फोटोंच्या रकान्याचं मार्जिन त्यानं चक्क दुप्पट केलेलं. मी दिलं २० पिक्सेल, त्यानं घेतलं ४०. मग शेजारी जागा पुरेना, म्हणून फॉर्मचा रकाना घसरला तो थेट टॉवेलच्या सगळ्या फोटोंखाली. तिथवर कुठला जर्मन माणूस स्क्रोल करतोय?

उपाय किती ओळींचा? एक. त्या रकान्याला 'डिस्प्ले : इनलाइन' सांगितलं की मार्जिन जागेवर. पीएनजीच्या जागी जीआयएफ टाकली. उजाडेपर्यंत साइट सरळ झाली. प्रदर्शनाचे दोनच दिवस उरले होते, पण काकांनी त्याच बायरला पुन्हा गाठून साइट उघडायला लावली. कारण पहिल्या दिवशी त्यानं 'घरगुती काम दिसतंय' असा चेहरा केला होता, आणि तो चेहरा काकांना झोपू देत नव्हता.

परत आल्यावर मी त्यांना खिडकीतली खिडकी दाखवली. मला वाटलं, बावचळतील. ते म्हणाले, "मग काय, जकार्ड की!" सोलापुरी चादरीच्या मागावर डिझाइन ठरतं भोकं पाडलेल्या कार्डांवर. माग तोच, कार्डांची माळ बदलली की चादरीवर मोर नाहीतर कमळ. माझा अर्ध्या तासाचा डेमो त्यांनी एका वाक्यात गुंडाळला.

त्याच गेस्टमध्ये साइटचं मराठी पान उघडलं, तर नुसते चौकोन. एक्सपीत भारतीय लिप्यांचा सपोर्ट कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळा टाकावा लागायचा. माझ्या मशीनवर तो कधीचाच टाकलेला, म्हणून मला पत्ताच नव्हता. काकांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांनी हौसेनं पहिल्या पानावर तेलुगूत एक ओळ घालायला लावली होती. तीही चौकोन. म्हणजे बायर सोडा, गावातल्या सायबर कॅफेतही आमची साइट मुकीच असणार होती!

एक्स्प्लोरर २०२२ मध्ये रिटायर झाला. एजनं २०२० पासून क्रोमचंच इंजिन घेतलंय. पण फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, सफारीचं वेगळं, आणि क्लायंट अजूनही नेमका तुमच्याकडे नसलेल्या मशीनवरच साइट उघडतो. तेव्हा करून बघाच. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, व्हीएमवेअर वर्कस्टेशनही २०२४ पासून फुकट झालंय. आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा, नाहीतर गेस्ट सुरूच होणार नाही आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतील. गेस्टला अर्ध्यापेक्षा जास्त रॅम देऊ नका. विंडोज ११ निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क मागतं, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर जरा ओढाताणच. सगळं कोरं असतानाच स्नॅपशॉट घ्या, वाट्टेल तो गोंधळ घातला तरी एका क्लिकवर मागे जाता येतं. होस्टवर चालणारी साइट गेस्टमधून बघायची, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट नेटवर्कमध्ये पत्ता १०.०.२.२. (हा न सापडल्यानं माझी एक आख्खी दुपार गेलीय.) आणि लाइट जाईल असं वाटलं तर 'सेव्ह स्टेट', गेस्ट होता तसा गोठतो. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत या एका बटणानं मला जगवलंय.

फक्त मॅकचं दुखणं निराळं. अॅपलच्या लायसन्सप्रमाणे मॅकओएस अॅपलच्याच मशीनवर चालवायचं. म्हणून सफारीसाठी मी एक सेकंडहँड मॅक मिनी घेतला, तो यूपीएसशेजारी बसलेला असतो. साहजिकच बिलात 'टेस्टिंग' नावाची एक ओळ वाढली.

आता कारखाना काकांचा मुलगा बघतो. एमबीए आहे. गेल्या महिन्यात त्यानं बिलातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं : "हे कशाचं, दादा? साइट तर चालतेय की."

काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "धुलाईचे हायत. देऊन टाक."