तारीख त्यांची, हंगाम आमचा



"कर वाढायच्या आत गाडी घेऊन टाका," हा सल्ला ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी असतो. २०२५ च्या जून महिन्यात तो आपल्याकडेही फिरला. १ जुलैपासून राज्याचा मोटार वाहन कर बदलणार होता. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झालेली होती. सीएनजीवर चालणाऱ्या खाजगी मोटारींचा कर एक टक्क्याने वाढला. महागड्या मोटारींवरच्या कराची वरची मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. एवढेच असते तर आम्ही या पानावर त्याची दखल घेतली नसती. ज्याला कोटीची मोटार परवडते, त्याने कर भरावा किंवा भरू नये, आमच्या ज्वारीच्या कणसाला त्याने दाणा वाढत नाही.

पण त्याच यादीत एक ओळ आपल्यासाठी होती. साडेसात हजार किलोपर्यंतच्या माल वाहणाऱ्या हलक्या गाड्यांवर वजनाऐवजी किमतीच्या ७ टक्के कर, तोही एकरकमी. म्हणजे पिकअप, म्हणजे छोटा हत्ती. पारोळा, शिंदखेडा, जामनेर, बोदवड, कोणत्याही तालुक्याच्या गावात जाऊन बघा. कोरडवाहू सात-आठ एकरांवर दोन भावांचे भागत नाही. मग एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा कर्ज काढून पिकअप घेतो. हंगामात कापूस जिनिंगला न्यायचा, रावेर-सावद्याकडे केळीची फेरी मारायची, एरवी सिमेंट, मांडवाचे सामान, जे मिळेल ते वाहायचे. ही चैन नाही. शेती तोट्यात ठेवली म्हणून शोधलेला तो जोडधंदा आहे. ७ टक्क्यांचा बोजा नेमका त्याच्यावर आला.

त्या वेळी वर्तमानपत्रांत जो हिशोब छापून आला, तो असा. दहा लाखांच्या पिकअपला आधी सुमारे २० हजार रुपये कर लागे, तो ७० हजार झाला. फरक पन्नास हजारांचा. मग कोणालाही वाटणारच की जूनमध्येच गाडी उचलावी, पन्नास हजार वाचवावेत.

आता जूनमध्ये आपल्या घरी काय चालू असते ते आठवा. मृगाकडे डोळे लागलेले असतात. बीटी सरकीच्या पाकिटाला २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये सरकारी कमाल भाव होता. खताच्या गोण्या, नांगरट-वखरटीचे देणे, पोरांची फी, सोसायटीचे नवे-जुने. वर्षातल्या बारा महिन्यांत शेतकऱ्याचा खिसा सगळ्यात रिकामा असतो तो याच महिन्यात. सरकारने कर बदलण्याची तारीख निवडली १ जुलै. सरकारची दुसरी आवडती तारीख १ एप्रिल. त्या सुमाराला दादर खळ्यावर असते किंवा नुकतीच घरात आलेली असते, आणि भाव सांगणारा व्यापारी दारात असतो. आमच्या हाती थोडाफार पैसा खेळतो तो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. त्या दिवसांत "उद्यापासून कर वाढणार, आजच घ्या" असे आम्हाला कधी कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

म्हणजे जूनमध्ये गाडी घ्यायची तर कर्ज काढूनच. धरा, आठ लाखांचे कर्ज, अकरा टक्के व्याज. महिन्याला व्याज झाले सात हजार तीनशेच्या वर. गाडीला खरे काम मिळणार कापूस निघाल्यावर, नोव्हेंबरात. पाच महिने ती दारात किंवा अर्ध्या कामावर उभी. पाच महिन्यांचे व्याज साडेछत्तीस हजारांच्या वर. पन्नास हजार वाचले म्हणता, त्यातले साडेछत्तीस हजार बँकेला गेले. विम्याचे पाच महिने फुकट गेले ते वेगळेच. हातात उरले बारा-तेरा हजार, आणि तेवढ्यासाठी घर जोखमीत.

पुढे जे घडले त्याने तेही गेले. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा केली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या गाडीत मूळ किंमत ७ लाख ८१ हजार आणि बाकी कर होता. कंपनीने सगळी कपात गिऱ्हाइकाला दिली असे धरले तर तीच गाडी ९ लाख २२ हजारांच्या आत आली. तिच्यावर राज्याचा ७ टक्के कर चढवला तरी बेरीज ९ लाख ८६ हजारांच्या आसपास होते. जूनमध्ये घाई करणाऱ्याला जुन्या करासकट ती १० लाख २० हजारांना पडली होती, व्याज वेगळे. म्हणजे ज्याने पन्नास हजार वाचवायला धाव घेतली, तो व्याजासह सत्तर हजारांनी बुडाला. आणि जो पैशाअभावी थांबला, तो वाचला.

जून महिन्यात सप्टेंबरचे कोणाला कळणार होते? कोणालाच नाही. आमचा मुद्दा तोच आहे. एक सरकार जुलैत कर वाढवते, दुसरे सप्टेंबरात उतरवते, आणि मधल्या खेळात लहान माणसाचा जुगार होतो. मोठ्या कंपनीला गाड्यांचा ताफा घ्यायचा असेल तर ती कर-सल्लागार ठेवते, आगाऊ घेते किंवा थांबते, दोन्ही तिला परवडते. आपल्याला घाईही परवडत नाही आणि थांबणेही.

यात आणखी एक भेद आहे, तो नीट समजून घ्या. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी मालवाहू गाडी घेतली, तर गाडीवर भरलेला जीएसटी तो आपल्या देण्यातून वळता करून घेतो. शेतकरी शेतमाल पिकवतो, त्याला नोंदणीची सक्ती नाही. ऐकायला ही सवलत वाटते. पण त्यामुळे खतावर, औषधावर, ट्रॅक्टरवर, ठिबकच्या नळीवर भरलेला कर त्याला कुठेच वळता करता येत नाही. कापूस विकताना त्यावरचा ५ टक्के जीएसटी जिनिंगवाला भरतो, २०१७ च्या नोव्हेंबरपासून तसा नियम आहे, आणि पुढे माल विकताना तो वळता करून घेतो. साखळीतल्या प्रत्येकाला आपला कर पुढे ढकलता येतो. पहिल्या कडीला, म्हणजे आपल्याला, तो पोटात घालावा लागतो.

कोणाचा आवाज किती पोचतो तेही याच अर्थसंकल्पात दिसले. ३० लाखांपेक्षा महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. विधिमंडळात चर्चा झाली आणि मार्च संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे सांगितले. पर्यावरणाचे कारण दिले गेले, ते असेलही. पिकअपवाल्यासाठी मात्र कोणी कारण शोधले नाही. त्याची ओळ जशीच्या तशी राहिली.

आता गाडी बाजूला ठेवू आणि कापसाकडे वळू, कारण कर वाढायच्या आत माल मागवून घेण्याचा खरा मोठा खेळ त्याच वर्षी कापसात झाला.

परदेशी कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून अधिभारासकट ११ टक्के आयात शुल्क होते. जून २०२५ मध्ये आपण सरकी टोबली तेव्हा ते होते. हमीभावही जाहीर झाला होता, लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१०. या दोन गोष्टी पाहून शेतकऱ्याने बियाण्यात पैसे घातले. १९ ऑगस्टपासून सरकारने शुल्क शून्यावर आणले, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. खान्देशात त्या मुहूर्तावर नव्या कापसाच्या काट्याची पूजा होते. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली.

या मुदतीचा अर्थ काय? गिरण्यांना सरकारने सांगितले की शुल्क परत लागायच्या आत जेवढा माल मागवायचा तेवढा मागवून घ्या. तीच गाडीवाल्याची गोष्ट, फक्त गिरणीजवळ पैसा होता, गोदाम होते आणि साडेचार महिने होते. हे साडेचार महिने म्हणजे नेमकी आपली वेचणी. आपला कापूस घरात येत होता तेव्हा त्यांचा बंदरात उतरत होता. खुल्या बाजारात हमीभावाच्या खाली सौदे झाले. सीसीआयच्या केंद्रावर जायचे तर आधी मोबाईलवर नोंदणी, मग ओलाव्याची अट, १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर माल परत. ज्याला देणे भागवायचे होते त्याने खेडा खरेदीत घरच्या घरीच कापूस देऊन टाकला. आम्ही त्याला दोष देत नाही. उधारीवाला दारात बसलेला असताना कापूस वाळवत बसण्याची ऐपत सगळ्यांची नसते.

आम्ही आयातीच्या विरोधात ओरडणारे नाही. खुल्या बाजाराची मागणी या चळवळीने केली तेव्हा शहाण्यांनी आम्हाला वेड्यात काढले होते. १९७२ पासून एकाधिकार खरेदीच्या नावाखाली आपला कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती, सेंधवा आणि बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर असूनही. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना बंद दाराचे प्रेम असणे शक्य नाही. पण दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा. ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी घालून कापूस आत कोंडला. एप्रिल २०२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला तेव्हा शुल्क काढून बाहेरचा आणला. भाव चढला की दार आतून लावायचे किंवा बाहेरच्याला उघडायचे, आणि भाव पडला की बाजारात हस्तक्षेप कसा करावा म्हणून तत्त्वज्ञान सांगायचे. हा खुला बाजार नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत.

पहिली, कापसाचे आयात शुल्क आणि निर्यातीचे नियम काय राहतील ते मे महिना संपायच्या आत जाहीर करा आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत त्याला हात लावू नका. पेरणीच्या वेळी एक सांगायचे आणि वेचणीला दुसरे करायचे, हा विश्वासघात थांबवा. सवलत नको, शब्द पाळा.

दुसरी, शेतकऱ्याने शेतीच्या वस्तूंवर भरलेला जीएसटी परत मिळण्याची सोपी सोय करा. व्यापाऱ्याला जो हक्क आहे तो उत्पादकाला का नाही?

तिसरी, हलक्या मालवाहू गाडीचा ७ टक्के कर एकरकमी वसूल न करता हप्त्याने घ्या. गाडी कमावू लागायच्या आधीच तिच्याकडून पन्नास-साठ हजार काढून घेणे म्हणजे वासरू प्यायच्या आत गाय पिळणे आहे.

आणि गाडी घ्यायला निघालेल्या आमच्या पोरांना घरच्या माणसाने सांगावे तसे दोन शब्द. कराची तारीख पाहून गाडी घेऊ नका, काम पाहून घ्या. महिन्याला किती फेऱ्या मिळतील, हप्ता किती, डिझेल किती, हे कागदावर लिहा आणि मगच सही करा. पाच-दहा हजार ऍडव्हान्स देऊन पावती घेतली म्हणजे जुना दर पक्का झाला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दर बदलल्यानंतर बिल फाडले आणि गाडी दिली, तर जीएसटी नव्या दराने लागतो. राज्याचा कर तर नोंदणीच्या वेळी घेतात. दर उतरले असतील तर बिलावर मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून मागा, कपात खरोखर दिली का ते तिथेच कळते.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने दोन कागद आणावेत, मागच्या हंगामातली कापूस विक्रीची पावती आणि बियाणे, खत, औषध किंवा गाडीचे बिल. दोन्ही शेजारी ठेवून बेरीज करू. किती कर भरला आणि किती भाव मिळाला, हे आकडे आपल्याच हाताने मांडू आणि तेच घेऊन सरकारच्या दारात जाऊ. भाषणे पुष्कळ झाली. आता हिशोब होऊ द्या.