छप्पर मालकाचे, ताप हमालाचा!

मानकोलीपासून वडप्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या भिवंडीच्या गोदामांवर देशाचा व्यापार चालतो, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही आहे. पण त्याच गोदामांत एप्रिल-मे महिन्यांत माणसे उकडून निघतात, हेही तितकेच खरे आहे. आणि ते सांगायला ना मालक तोंड उघडतो, ना सरकार. एक लाख चौरस फुटांचे एक गोदाम म्हणजे सव्वादोन एकरांहून मोठा, सपाट, उघडा पत्रा. भर दुपारी तो साठ अंशांच्या पुढे तापतो आणि सगळी आग खाली ओततो. खाली माथाडी पाठीवर पोती घेऊन चालतो, ठेक्यावरची पोरे रॅकवरून खोकी उतरवतात, बाया पॅकिंगच्या टेबलांशी तासन् तास उभ्या असतात. या तापाला निसर्गाचा कोप म्हणणे हा शुद्ध खोटेपणा आहे. हा माणसाने केलेला अन्याय आहे आणि तो करणारी माणसे ओळखता येण्याजोगी आहेत.

उपाय ठाऊक नव्हता, ही सबब तर कोणी पुढे करूच नये. पत्र्यावर द्यायचा पांढरा परावर्तक लेप बाजारात वर्षानुवर्षे मिळतो. नवा कोरा जस्ताचा पत्रा चकाकतो म्हणून तो थंड राहील, असा समज मालक करून घेतात आणि इतरांनाही करून देतात. तो पत्रा ऊन परत फेकतो खरा. पण जी उष्णता शोषतो ती चटकन सोडत नाही, धरून ठेवतो. पुढे धूळ बसते, गंज चढतो आणि चकाकीही जाते. चांगला पांढरा लेप नवा असताना उन्हाची सुमारे पाऊण शक्ती परत फेकतो आणि शोषलेली उष्णताही आकाशाकडे सोडून देतो. पत्र्याचे तापमान त्याने वीस अंशांनी, कधी त्याहूनही जास्त उतरते. आतली हवाही काही अंशांनी निवते. चाळिशीच्या उन्हात तेवढे अंश म्हणजे घामाघूम होऊन का होईना, पायांवर उभे राहणे आणि भोवळ येऊन कोसळणे यांतला फरक आहे.

आणि हे शहाणपण कालपरवाचे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ १३ व्या कलमात छपरांना चुना देणे, पाणी फवारणे, छप्पर उंच करणे, दुहेरी छप्पर घालणे हे उपाय नावानिशी लिहिले होते. स्वातंत्र्यानंतर जेमतेम वर्षभराने या देशाच्या कायद्याला जे कळले, ते कोट्यवधींची गोदामे उभारणाऱ्यांना आज कळत नाही, असे मानायला आम्ही तयार नाही. गोदाम म्हणजे कारखाना नव्हे, या पळवाटेआड ते वर्षानुवर्षे लपले. खरे तर विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी माल बांधणे त्याच कायद्याच्या उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत होते. आता तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत हवा आणि तापमान यांची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पळवाट बुजली. प्रश्न अंमलबजावणी करणाऱ्यांच्या इच्छेचा आहे.

या अन्यायाची रचना नीट पाहावी. गोदामाचा मालक म्हणतो, मी जागा भाड्याने दिली. आत कोण किती तापतो ते भाडेकरू बघेल. भाडेकरू कंपनी म्हणते, छप्पर मालकाचे. दुसऱ्याच्या पत्र्यावर आम्ही खर्च का करावा? ठेकेदार म्हणतो, मी फक्त माणसे पुरवतो. तिघांचीही सही करारावर असते, तिघांनाही नफा मिळतो आणि त्या कराराच्या एकाही कलमात कामगाराच्या अंगाला बसणाऱ्या झळांचा उल्लेख नसतो. हमालांसाठी १९६९ मध्ये देशाला दिशा दाखवणारा माथाडी कायदा ज्या महाराष्ट्राने केला, त्याच महाराष्ट्रात तापल्या पत्र्याची जबाबदारी तीन खांद्यांवरून घसरत शेवटी हमालाच्याच खांद्यावर येते. याची लाज सर्वांना वाटली पाहिजे.

माणसांची कणव नसेल, तर निदान मालाचा तरी हिशेब करा. ज्या औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते, ती तापल्या पत्र्याखाली पडून राहिली आणि मग आमच्या आजारी आईबापांच्या हाती आली, तर जबाब कोण देणार? शिवाय हाच ताप छप्पर फाडतो. पन्नास मीटर लांबीचा पोलादी पत्रा चाळीस अंशांच्या चढउताराने सुमारे २४ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. रोज दिवसा आणि रात्री ही ओढाताण चालते. स्क्रूची भोके मोठी होतात, रबरी वायसर कडक होऊन तडकतात, जोड उघडतात आणि जूनच्या पहिल्या सरीला पाणी मालावर येते. मग धावाधाव करून डांबर थापायचे, ताडपत्री ओढायची आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरून जायचे. याला देखभाल म्हणत नाहीत, याला बेपर्वाई म्हणतात.

लेपाच्या नावावर चालणारी लूटही आम्ही पाठीशी घालणार नाही. पत्रा धुवायचा, गंज घासून काढायचा, प्रायमर मारायचा, प्रत्येक स्क्रू आणि जोड कापडी पट्टीने बुजवायचा आणि मग ठरलेल्या जाडीचे दोन हात द्यायचे, ही कामाची रीत आहे. त्याऐवजी धुळीवरच, पाणी मिसळलेला एकच हात फिरवून वॉरंटीचा कागद हाती ठेवणारे ठेकेदार आहेत; आणि सर्वांत स्वस्त दर पाहून त्यांनाच काम देणारे मालकही आहेत. एका पावसात त्या लेपाचे पापुद्रे पन्हळीत जाऊन साचतात आणि पुन्हा तेच मालक सांगतात की लेप टिकत नाही. टिकत नाही तो तुमचा प्रामाणिकपणा!

सर्वांत संतापजनक गोष्ट छपरावरच घडते. गळती काढायला, लेप मारायला जो मजूर वर चढतो, त्याच्या कमरेला अनेकदा पट्टा नसतो, पट्टा असला तर तो अडकवायला दोर नसतो. जुना सिमेंटचा पत्रा किंवा उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. ‘अपघाती मृत्यू’ अशी नोंद होते, थोडे पैसे दिले जातात, तोंडे बंद होतात. कामगाराला थंडावा देण्यासाठी दुसऱ्या कामगाराचा जीव घेणारा लेप आम्हाला नको आहे.

आणि सरकार? मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून भिवंडी वाढली, २०१७ च्या जीएसटीनंतर गोदामे आणखी अजस्र झाली, त्याच वर्षी केंद्राने या उद्योगाला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, २०२४ मध्ये महाराष्ट्राने लॉजिस्टिक धोरण आणले. दर्जा दिला, सवलती दिल्या, रस्ते दिले. त्या बदल्यात छपराबद्दल एक कडक अट घालायची हिंमत मात्र झाली नाही. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसे गमावल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छप्पर धोरण आणून सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. पंचेचाळीस अंश ओलांडणारे नागपूर आणि चंद्रपूर ज्या राज्यात आहेत, त्या राज्याने शेजाऱ्यांच्या मागे रेंगाळावे, हे आम्हाला मान्य नाही.

आमची मागणी सरळ आहे. शीत छप्पर आणि वारा खेळवणारी व्यवस्था असल्याशिवाय एकाही नव्या गोदामाला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. भिवंडीभोवतीच्या ६० गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) हाती आहे. तिथून सुरुवात करा. जुन्या गोदामांना मुदत द्या आणि ती उलटली की सवलती परत घ्या. छपराचा खर्च मालकाचा की भाडेकरूचा, हे करारात लिहिणे सक्तीचे करा. लेपाची जाडी आणि परावर्तन सरकारी यंत्रणेने मोजावे. धूळ बसून ते घटते, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी छप्पर धुवून पुन्हा मोजावे. दोर आणि पट्ट्याशिवाय मजूर छपरावर चढवणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करा. लेपाने सगळेच भागत नाही, हे आम्ही जाणतो. पिण्याचे थंड पाणी, दुपारची विश्रांती, पंखे हेही हवेतच. पण जो मालक साधे छप्पर रंगवत नाही, तो बाकीचे काय देणार?

येत्या उन्हाळ्यापूर्वी राज्य सरकारने हा आदेश काढावा. तो निघाला नाही, तर गोदामात उष्माघाताने कोसळणाऱ्या प्रत्येक कामगारामागे मालकाबरोबर सरकारचेही नाव आरोपी म्हणून लिहिले जाईल. आणि ते लिहायला आम्ही कचरणार नाही.